एसक्यूएलअल्केमी २.०: कर्जदार, जामीनदार आणि एकच सभासद टेबल (वापरानंतरचा अनुभव)

निपाणी भागातल्या एका पतसंस्थेचं कर्जाचं सॉफ्टवेअर आम्ही बेळगावातून सांभाळतो. पायथन, पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि मधे एसक्यूएलअल्केमी, म्हणजे डेटाबेसची टेबलं पायथनच्या क्लासमधून वापरू देणारी लायब्ररी. २.० ही आवृत्ती जानेवारी २०२३ मध्ये आली. गेल्या पावसाळ्यापासून आमचं रोजचं काम तिच्यावरच चाललंय. मी एकाच भागाबद्दल लिहितो: त्याच दोन टेबलांत एकापेक्षा जास्त नाती असली की ही लायब्ररी कशी वागते.

कर्जाच्या एका नोंदीत सभासद तीनदा येतो. कर्जदार, पहिला जामीनदार, दुसरा जामीनदार. तिन्ही फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणारे कॉलम) सभासद टेबलाकडेच जातात. नुसतं रिलेशनशिप (क्लासमध्ये लिहायचं दोन टेबलांमधलं नातं) लिहिलं तर एसक्यूएलअल्केमी अंदाज बांधत नाही, सरळ अडते. कोणतं रिलेशनशिप अडलं आणि नातं कोणत्या कॉलमवरून ते सांगणारं 'फॉरेन_कीज' द्यायला हवं, दोन्ही त्या एररमध्येच लिहिलेलं असतं. मला हे मनापासून पटलं. इथं गल्लत झाली तर थकबाकीची नोटीस भलत्याच्याच दारात जाईल.

एक मात्र खटकतं. ही एरर क्लास लिहिताना येत नाही, मॅपर (क्लास आणि टेबल यांची सांगड) जुळवले जातात तेव्हा येते, म्हणजे पहिली क्वेरी किंवा पहिला ऑब्जेक्ट बनताना. त्यामुळे टेस्टच्या सुरुवातीलाच ही जुळणी लगेच करणारं 'कॉन्फिगर_मॅपर्स' चालवून घ्यावं.

संस्थेतल्या क्लार्कनं एकदा विचारलं, "सर, ह्या माणसानं किती जणांला जामीन दिलाय, ते एका जाग्यावर दिसंल काय?" वसुलीच्या कामातला हा नेमका प्रश्न. दोन्ही बाजूंची रिलेशनशिप एकमेकांशी बांधणाऱ्या 'बॅक_पॉप्युलेट्स'नं सभासदाच्या बाजूला तीन याद्या मिळतात (दोन्ही बाजूंना फॉरेन_कीज लिहावं लागतं, लिखाण वाढतं), पण जामीन दोन याद्यांत विभागलेला राहतो. त्यावर 'प्रायमरीजॉइन'मध्ये (टेबलं जोडायची अट) दोन्ही कॉलम 'किंवा'नं जोडून चौथं रिलेशनशिप केलं आणि ते 'व्ह्यूओन्ली', म्हणजे फक्त वाचण्यापुरतं, ठेवलं. व्ह्यूओन्ली विसरू नका. एकाच कॉलममध्ये दोन रिलेशनशिप लिहू पाहतात तेव्हा ओव्हरलॅपची वॉर्निंग येते, आणि ती दाबून टाकण्यासारखी नसते.

वेगाबद्दल. 'जॉइन्डलोड' (नात्यातल्या नोंदी त्याच क्वेरीत जोडून आणणं) तिन्ही नात्यांना आपणहून वेगळे एलियस, म्हणजे टेबलाची टोपणनावं, देते, पण जामीनदाराच्या नावावर फिल्टर किंवा सॉर्ट हवा असेल तर 'एलियस्ड' आपणच लिहायचं. मोठ्या यादीला 'सिलेक्टिनलोड' (त्या नोंदी वेगळ्या क्वेरीनं एकगठ्ठा आणणं) बरं. छोट्या गावात तोच माणूस चार कर्जांना जामीन असतो, आणि तो एकदा सेशनमध्ये (लायब्ररीची चालू कामापुरती आठवण) आला की एसक्यूएलअल्केमी त्याच्यासाठी पुन्हा क्वेरी करत नाही. लेझी लोडिंगचा (गरज पडेल तेव्हा एकेक क्वेरी करण्याचा) मार आम्हाला त्यामुळे वाटला होता त्यापेक्षा कमी बसला. तरी रिपोर्टच्या मॉडेलवर मी अशा क्वेरीऐवजी एरर देणारं 'लेझी रेज' लावतो. नकळत होणारी क्वेरी तिथंच पकडली जाते.

आमच्याकडे सोनेतारण कर्जाला जामीनदार नसतो. टाइप हिंटमध्ये (कॉलमचा प्रकार सांगणारी खूण) 'ऑप्शनल' लिहिलं की कॉलम आपोआप नलेबल होतो, म्हणजे रिकामा राहू शकतो, ही २.० मधली सोय मला फार आवडते. उलट, राहण्याचा पत्ता चंदगड तालुक्यात आणि शेतीचा खानापूर तालुक्यात, असे सभासद सीमाभागात पुष्कळ. तिथं सभासदाकडून पत्त्याकडे दोन फॉरेन की आणि हाच सगळा उपाय पुन्हा.

नवीन काम सुरू करणाऱ्यानं जामीन मात्र सरळ स्वतंत्र टेबलात ठेवावा: कर्ज, सभासद, क्रमांक. मोठ्या कर्जाला तिसरा जामीनदार लागला तरी कॉलम वाढवावा लागत नाही, क्लार्कला हवी ती यादी एकाच रिलेशनशिपमधून निघते, आणि कर्ज व सभासद यांच्यात एकच थेट फॉरेन की उरल्यानं फॉरेन_कीज लिहायची गरजच पडत नाही.