बेसचा आवाज फाटतोय: रिकोन करावं की नवा स्पीकर घ्यावा?

लग्नसराई आणि एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमांत लातूर-परभणीकडच्या ऑर्केस्ट्रातली बेस गिटारची कॅबिनेटं (स्पीकरच्या पेट्या) रात्र-रात्र उघड्या मैदानात वाजतात आणि मग आवाज फाटायला लागतो. रिकोन म्हणजे जुन्याच फ्रेममध्ये नवा कोन (पुढचा पडदा) आणि कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) बसवणं. पण आधी दोष स्पीकरचाच आहे हे पक्कं करा. गिटार अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेली, असेल तर 9 व्होल्टची बॅटरी बदला. ती उतरली की आवाज अगदी फाटल्यासारखाच येतो. मग तोच अ‍ॅम्प, स्पीकरची वायर बदलून, दुसऱ्या कॅबिनेटवर लावा. ओहम मात्र अ‍ॅम्पला चालतील तेवढेच हवेत. तिथेही फाटला तर दोष अ‍ॅम्पकडे. अ‍ॅम्पवरचे इफेक्टचे सेंड आणि रिटर्न जॅक (आवाज बाहेर नेऊन परत आणणारे) एका छोट्या केबलने जोडा. आवाज साफ झाला तर रिटर्न जॅकचा आतला पॉइंट काळा पडलाय. फक्त जनरेटरवर फाटत असेल तर व्होल्टेज मोजा. 230 च्या जागी 180 येत असेल तर साध्या ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प लवकर क्लिप होतो, म्हणजे ताकद संपून आवाज कापला जातो. तिथे स्पीकरवर पैसे घालवू नका.

दोष कॅबिनेटचा निघाला तर स्पीकरच्या वायरी सोडवून मल्टिमीटर लावा. 8 ओहमचा स्पीकर साधारण 5.5 ते 7 दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलीय. आकडा बरोबर असेल तर दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सगळीकडून सारखा, हळू दाबा. खरखर झाली तर कॉइल घासतेय. खरखर नसेल तर ढिले स्क्रू आणि जाळी तपासा. कितीतरी वेळा दुखणं तेवढंच असतं.

रिकोन तेव्हाच, जेव्हा फ्रेम ओतीव आणि सरळ आहे, मॅग्नेट जागचं हललेलं नाही आणि त्याच मॉडेलचं मूळ किट मिळतंय. मिळतंजुळतं किट हाच खरा धोका. बाजारात बऱ्याचदा डीजेच्या मिडसाठीचा (मधल्या स्वरांचा) ताठ कोन चिकटवून देतात. बेसची खालची तार 41 हर्ट्झची, पाचतारीची 31 ची. एवढ्या खाली तो कोन पुरेसा हलतच नाही. मेकॅनिककडून जुनी कॉइल मागून घ्या. काळी पडली असेल तर ती उष्णतेने गेलीय, म्हणजे बहुतेक क्लिपचा दिवा पेटलेला ठेवून वाजवलंय. कॉइल स्वच्छ आणि स्पायडर (कॉइलला मध्यभागी धरणारी चकती) फाटलेला असेल तर बेसचा बूस्ट जास्त होता. हे सुधारलं नाही तर नवी कॉइलही तशीच जाईल. मॅग्नेटच्या गॅपमधला, म्हणजे कॉइल हलते त्या फटीतला, चुरा चिकटपट्टीने काढला का, हेही विचारा.

पत्र्याच्या फ्रेमचा स्वस्त स्पीकर असेल तर आमचं मत सरळ आहे: नवा घ्या. पण फक्त वॅट बघून नको. ओहम तेच हवेत. चार स्पीकरच्या कॅबिनेटमध्ये एक वेगळ्या ओहमचा बसवला तर पॉवर सारखी वाटली जात नाही. स्पीकर बेस गिटारसाठीचाच हवा, आणि पोर्ट (हवेचं भोक) असलेल्या पेटीत जुन्याच मॉडेलचा मिळाला तर उत्तम.

बसवल्यावर 1.5 व्होल्टचा सेल कॅबिनेटच्या वायरीला क्षणभर टेकवा. सगळे कोन एकाच बाजूला हलले पाहिजेत. एखादा उलटा गेला तर त्याच्या वायरी अदलाबदल करा, नाहीतर नवा स्पीकर घालूनही बेस पातळच लागेल.