मानेच्या एमआर अँजिओचा अनुभव, डावा हात की उजवा हात हे आधीच विचारा

बाबांच्या डाव्या हातातली ताकद दहा मिनिटं गेली आणि परत आली, डॉपलरमध्ये (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) मानेत उजवीकडे प्लाक (धमनीत साचलेला चरबीचा थर) दिसला म्हणून न्यूरोवाल्या डॉक्टरांनी कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन मानेच्या धमन्यांची एमआर अँजिओ (एमआरआय मशीनवर रक्तवाहिन्यांचे फोटो) करायला सांगितली. आम्ही ती दोनदा केली. हा रिव्ह्यू दुसऱ्या सेंटरचा आहे, पण पहिल्या ठिकाणी काय झालं ते सांगितल्याशिवाय तो कळणार नाही.

पहिल्या ठिकाणी (नाव लिहीत नाही) सिस्टरनी डाव्या हाताच्या पंजावर बारकी निळी सुई लावली, औषध सिरिंजने हातानेच ढकललं, दहा मिनिटांत बाहेर. रिपोर्टमध्ये डाव्या कॅरोटिडच्या (मानेतून मेंदूला रक्त नेणारी धमनी) अगदी सुरुवातीला मोठं आकुंचन असल्याची शंका, शिवाय फोटोत शिरा मिसळल्यामुळे उजवी बाजू नीट दिसत नाही, पुन्हा तपासणी करा. आईचा तर धीरच सुटला. चार दिवस गेले त्यात, आणि असा झटका येऊन गेल्यावर चार दिवस म्हणजे किती मोठे असतात ते ज्याच्या घरात झालंय त्यालाच कळतं.

दुसऱ्या सेंटरमध्ये टेक्निशियन दादांनी आधी क्रिएटिनिनचा (किडनीची रक्ततपासणी) रिपोर्ट मागितला (बाबांचं 1.1), कारण किडनी फारच कमजोर असेल तर गॅडोलिनियम, म्हणजे हे कॉन्ट्रास्टचं औषध, विचार करूनच द्यावं लागतं. मग उजव्या कोपराच्या खोबणीत 20 नंबरचं गुलाबी व्हेनफ्लॉन (शिरेत लावून ठेवायची सुई) लावलं, सलाईन ढकलून सूज येते का ते बोटाने चाचपून पाहिलं. मी विचारलं उजवाच हात का, तर जुनी फिल्म लाईटबॉक्सवर लावून दाखवलं. डाव्या हातातून गेलेलं औषध छातीत आडव्या शिरेतून, महाधमनीच्या फांद्यांच्या अगदी पुढून जातं, तिथे ते इतकं दाट असतं की शेजारचा सिग्नलच खाऊन टाकतं आणि मागची चांगली धमनी फिल्मवर बारीक दिसते. तो काळा पट्टा बघितला आणि माझ्या छातीवरचं अर्धं ओझं तिथेच उतरलं.

खरं काम टायमिंगचं आहे. मानेच्या धमन्यांत औषध पोचलं की मेंदूत फिरून गळ्याच्या शिरांतून परत उतरायला मोजून काही सेकंद लागतात, तेवढ्यातच फोटो निघायला पाहिजे. उशीर झाला की शिरा पण पांढऱ्या होतात आणि सगळा गुंता, घाई झाली तर धमनी अर्धवट भरलेली. आणि प्रत्येकाचं हृदय वेगळं, म्हणून त्यांनी आधी फक्त 2 मिली औषध सलाईनसोबत देऊन ते मानेत कधी येतं ते मोजलं, बाबांचे 19 सेकंद निघाले. मग मुख्य डोस. बाबांचं वजन 65 किलो, त्या हिशोबाने 13 मिली, प्रेशर इंजेक्टरने (ठरलेल्या वेगाने औषध ढकलणारं मशीन) सेकंदाला 2 मिली, आणि लगेच त्याच वेगाने 25 मिली सलाईन मागून, म्हणजे हाताच्या शिरेत औषध रेंगाळत नाही. हाताने ढकलताना हा वेग एकसारखा राहणार कसा? काचेपलीकडून मी बघत होते, दादा माईकवर शांतपणे म्हणाले, "काका, आता श्वास रोखा, गिळू नका", आणि बाबांनी रोखला. बाहेर आल्यावर म्हणाले हात गार पडल्यासारखा वाटला फक्त.

फिल्म आली तेव्हा दोन्ही बाजूच्या धमन्या मुळापासून कवटीपर्यंत स्पष्ट दिसत होत्या. डावीकडचं आकुंचन नव्हतंच. उजवीकडे मात्र फाटा फुटतो तिथे 60 टक्क्यांच्या आसपास आहे, पुढचं आता व्हॅस्क्युलर सर्जन ठरवतील, निदान बघायला त्यांच्याकडे नीट फिल्म तरी आहे.

तक्रारी पण लिहिते. नऊची अपॉइंटमेंट, नंबर लागला पावणेअकराला, उपाशीपोटी बसलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी साधी बाकं पण पुरेशी नाहीत. लिखित रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आणि सीडी मागितल्याशिवाय देत नाहीत, ती मागून घ्याच कारण सर्जनला फिल्मपेक्षा तीच हवी असते. पैसे पहिल्यापेक्षा हजारभर जास्त गेले. पाचपैकी साडेचार. फोनवर अपॉइंटमेंट घेताना कुठेही दोनच गोष्टी विचारा, इंजेक्टर आहे का आणि सुई उजव्या हाताला लावणार का, आणि उजव्या हाताला डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी ऑपरेशनने जोडलेली शीर आणि धमनी) वगैरे असेल तर ते तेव्हाच सांगून ठेवा.