सासऱ्यांची ट्रंक कुठे द्यायची: मायिबुये, विट्स की सरकारी अर्काइव्ह?

माझी कॉलेजची मैत्रीण लग्न होऊन केपटाउनला गेली, घर कोकणी मुसलमानांचं, तीन पिढ्यांपूर्वी रायगडकडून तिकडे गेलेलं. तिचे सासरे साठच्या दशकात रॉबेन आयलंडवर, म्हणजे केपटाउनसमोरच्या तुरुंगाच्या बेटावर, राजकीय कैदी होते. गेल्या वर्षी ते वारले, आता घर विकायचं चाललंय आणि पलंगाखालची पत्र्याची ट्रंक कुणाकडे द्यायची यावरून घरात दोन तट पडलेत. मी जुन्या कागदांचंच काम करते म्हणून तिने मला विचारलं. तिच्यासाठी जे शोधलं ते इथे टाकतेय, कारण अशा ट्रंका अजून कितीतरी घरांत असणार.

आधी हे सांगते की हे कागद एवढे मोलाचे का. १९९३ मध्ये, सत्ता जायच्या तोंडावर, वर्णभेदी सरकारच्या गुप्तचर खात्याने जवळपास ४४ टन कागद आणि मायक्रोफिल्म भट्टीत घालून जाळली, वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची नंतर चौकशी करणाऱ्या ट्रुथ कमिशनच्या अहवालातच आहे हे. म्हणजे सरकारी फाइल उरलीच असेल याची खात्री नाही आणि कैद्याच्या घरी जे राहिलं तेवढंच हातात, असं बऱ्याच लोकांच्या बाबतीत आहे.

व्हिडिओ कॉलवर तिने एक पत्र कॅमेऱ्यासमोर धरलं तर मधल्या भोकातून तिचा डोळा दिसला. सेन्सॉरने ब्लेडने ओळ कापलेली. तेव्हा तुरुंगाने सगळ्यात खालच्या वर्गात टाकलेल्या कैद्याला सहा महिन्यांत एक पत्र, तेही ५०० शब्दांचं, आणि कागद पाठपोट लिहिलेला, त्यामुळे सेन्सॉरला खुपलेली ओळ गेली तशी मागची मुलीच्या तापाबद्दलची ओळसुद्धा गेली, आणि ती मुलगी म्हणजे माझ्या मैत्रिणीची नणंद, आज साठीत आहे. मी कॉल बंद करून बराच वेळ बसून होते.

आता पर्याय.

पहिला मायिबुये अर्काइव्ह, केपटाउनजवळ बेलव्हिलला युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्टर्न केपच्या कॅम्पसवर, रॉबेन आयलंड म्युझियमसोबत चालतं. कैद्यांनी बेटावर स्वतः चालवलेल्या खेळाच्या कमिट्यांचे, मकाना फुटबॉल असोसिएशनचे कागद इथे आहेत, कुठला गोल धरला नाही म्हणून लेखी केलेल्या तक्रारींपासून सगळं. मंडेलांसोबत बेटावर कैदेत असलेल्या अहमद कथराडांचेही कागद इथे. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते म्हणजे राजकीय कैद्यांना आणि त्यांच्या घरच्यांना मदत करणाऱ्या लंडनच्या इंटरनॅशनल डिफेन्स अँड एड फंडाचा संग्रह, तो फंड १९९१ मध्ये बंद झाल्यावर इथेच आला. दक्षिण आफ्रिकेत या फंडावर १९६६ मध्ये बंदी आली होती, मग फंडवाले मदतीचे पैसे थेट न पाठवता इंग्लंडमधल्या साध्यासुध्या लोकांकरवी पाठवायचे, एखादी बाई कैद्याच्या बायकोला ओळख नसताना पत्र लिहायची, हवापाण्याच्या गप्पा आणि सोबत पोस्टल ऑर्डर. या ट्रंकेत अशा एका इंग्लिश बाईंच्या पत्रांचा गठ्ठा आहे, सासूबाई त्यांना नुसतं "विलायतेतली बाई" म्हणायच्या, कोण होत्या ते घरात कुणालाच माहीत नाही. सासूबाईंनी पाठवलेल्या उत्तरांचा माग लागायचा असेल तर तो या फंडाच्या कागदांतच लागेल.

दुसरा पर्याय जोहान्सबर्गचं विट्स, म्हणजे विटवॉटर्सरँड युनिव्हर्सिटी, तिथला हिस्टॉरिकल पेपर्स नावाचा जुन्या कागदांचा विभाग, १९६६ पासूनचं, ३,००० हून जास्त संग्रह. इथलं काम मला मनापासून आवडतं कारण याद्या नीट आहेत, कुठल्या फोल्डरमध्ये काय ते घरबसल्या नेटवर वाचता येतं, बरंचसं स्कॅन करून फुकट ठेवलंय. वर्णभेदविरोधी नेते रॉबर्ट सोबुक्वेंचे कागद इथे, आणि त्यांचे पत्रकार मित्र बेंजामिन पोग्रुंड यांचेही, म्हणजे एकाने लिहिलेलं आणि दुसऱ्याने उलट लिहिलेलं दोन्ही एकाच छताखाली, यापेक्षा चांगली सोय पत्रांची काय असणार. ब्लॅक सॅश ही गोऱ्या बायकांची वर्णभेदविरोधी संघटना, अटकेतल्यांच्या पालकांची कमिटी, मोठमोठे खटले, सगळं इथे. तुमच्या घरच्या माणसावर ट्रान्सवालमध्ये, म्हणजे जोहान्सबर्गच्या बाजूच्या जुन्या प्रांतात, खटला चालला असेल तर मी डोळे झाकून विट्स म्हणेन. पण केपटाउनच्या सासूबाईंना विमानाने जाऊन नवऱ्याची पत्रं बघावी लागतील, हेही आहेच.

तिसरा, सरकारी अर्काइव्ह. धाकट्या दिराचं म्हणणं होतं की सरकार आता आपलं आहे, त्यांनाच द्या. मंडेलांच्या तुरुंगातल्या फाइली, टपालात कधी पडल्याच नाहीत अशा पत्रांच्या प्रतींसकट, राष्ट्रीय अर्काइव्हमध्येच जपल्यात, त्यामुळे या मताला वजन आहे. पण केपटाउनचं अर्काइव्ह रोलंड स्ट्रीटवर जुन्या तुरुंगाच्या जागेवर उभं आहे, हे कळल्यावर सासूबाई नाही म्हणाल्या. बाकी घरांना याचं काही वाटणार नाही, पण ज्या बाईने तुरुंगाच्या दारात वर्षं काढली तिचं ऐकायलाच हवं असं मला वाटतं.

फोर्ट हेअर युनिव्हर्सिटीत मंडेलांच्या एएनसी पक्षाचे लुसाका, लंडनहून आलेले कागद आहेत, परदेशी राहिलेल्या कार्यकर्त्यांच्या घरांनी तिकडे बघावं. डर्बनच्या गांधी-लुथुली सेंटरचा भर भारतीय वंशाच्या लोकांवर आहे, डर्बनकडच्या नाताळ प्रांतातल्या घरांना ते जवळचं.

थोरल्या दिरांचा हट्ट होता की स्कॅन करून घरीच ठेवू. स्कॅन कराच, पण स्कॅनमध्ये त्या ब्लेडच्या कापाची कड बोटाला लागत नाही, आणि पुढच्या पिढीत घराच्या वाटण्या होतात तशा कागदांच्याही होतात. संस्थेत दिलं की कागद अमर झाले असंही नाही हं, १८ एप्रिल २०२१ ला टेबल माउंटनचा वणवा केपटाउन युनिव्हर्सिटीच्या जॅगर लायब्ररीवर आला, वरची रीडिंग रूम जळून गेली, तळघरातलं बरंचसं अग्निरोधक दारांमुळे वाचलं पण विझवायच्या पाण्याने भिजलं आणि स्वयंसेवकांनी हातोहात क्रेट बाहेर काढले. म्हणून कुठेही द्या, आगीची आणि पाण्याची काय सोय ते बघूनच या.

लिहून काय घ्यायचं ते पण विचारलं तिने. दान की नुसतं ठेवायला देताय, हे स्पष्ट हवं. दोन संस्था मिळून चालवत असतील तर कागद नेमके कुणाच्या नावावर, ते हवं. घरगुती पत्रं किती वर्षं बंद ठेवायची ते हवं. आलेल्या पत्राचा कागद तुमचा असला तरी त्यातला मजकूर छापायचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो, तेव्हा त्या विलायतेतल्या बाईंची पत्रं देता येतील, छापायची परवानगी देता येणार नाही.

माझं मत मायिबुये. कागदांचे सोबती तिथे आहेत आणि सासूबाईंना गाडीने जाता येतं.

देण्याआधी काही आवरू नका. तारखेप्रमाणे लावू नका, त्यांनी जसं बांधलं तसंच द्या. पाकिटं टाकू नका, पोस्टाचा शिक्का आणि कैदी नंबर त्यावरच असतो. लॅमिनेशन तर नकोच नको. थोरल्या दिरांनी त्या भोकावर मागून सेलोटेप लावलीय, ती ओढून काढू नकोस म्हटलंय मी तिला, ते तिथली माणसं करतील. येत्या रविवारी नणंद येणार आहे, तिच्या तापाचं पत्र तिला अजून कुणी दाखवलेलंच नाही.