आठ महिने डेक्समेडेटोमिडिन वापरल्यावर: एका भूलतज्ज्ञाचा अनुभव

सुरुवात एका लाथेपासून झाली. नाकाचं हाड सरळ करायला आलेला पंचविशीतला ट्रॅक्टरचालक, वजन ८० किलो, बिडीची सवय. ऑपरेशन छान झालं, मी घशातली नळी काढली आणि अर्ध्या मिनिटात त्याने रक्त थांबवायला नाकात भरलेला एक पॅक उपसून फेकला, सलाईन तोडलं आणि धरायला धावलेल्या आमच्या वॉर्डबॉय मामांच्या छातीत लाथ घातली. चौघांनी मिळून दाबून धरला तेव्हा आवरला. संध्याकाळी राउंडला गेलो तर हा शांतपणे चहा पीत बसलेला. "डॉक्टर, मी काय गोंधळ घातला का?" त्याला काहीच आठवत नव्हतं. मामांची बरगडी मात्र आठवडाभर दुखत होती.

भुलेतून बाहेर येताना मोठी माणसं अशी बिथरतात हे पुस्तकात वाचलेलं असतं. तरुण पुरुष, नाकाचं ऑपरेशन, सेव्होफ्लुरेन हा भुलेचा वायू, लघवीची नळी, पुरेशी न आवरलेली वेदना, हे नेहमीचे धोके. आमच्याकडे कान-नाक-घशाची यादी मोठी, म्हणून मी डेक्समेडेटोमिडिन या शांत झोपवणाऱ्या औषधाच्या मागे लागलो.

अमेरिकेत याला १९९९ मध्ये पहिली मान्यता मिळाली ती आयसीयूत व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णांना शांत ठेवण्यासाठी, तीही २४ तासांपर्यंतच. बीपी उतरवणाऱ्या क्लोनिडिनच्या घराण्यातलं. मेंदूच्या बुडाशी लोकस सेरुलियस नावाची जागा आहे, जागं ठेवणारं नॉरअॅड्रेनालिन तिथून सुटतं. हे औषध तो नळ बारीक करतं. म्हणून त्याची झोप हाक मारली की उघडते आणि श्वास फारसा दबत नाही. नाकात पॅक असलेल्या माणसाला याहून काय हवं?

माझी पद्धत अशी: २०० मायक्रोग्रॅम सलाईनमध्ये मिसळून ५० मिली करायचं, म्हणजे मिलीला ४ मायक्रोग्रॅम. भूल दिल्यावर किलोमागे ताशी ०.४ मायक्रोग्रॅम, ७० किलोच्या माणसाला सिरिंज पंपावर ताशी ७ मिली. सिरिंजवर पूर्ण नाव मोठ्या अक्षरात लिहायचं. ऑपरेशन थिएटरमध्ये घाईत नुसतं "डेक्स" म्हटलं की सिस्टर डेक्सामेथासोन या वेगळ्याच औषधाची कुपी पुढे करते, दोनदा झालंय.

सुरुवातीला मी लोडिंग डोसही, म्हणजे आधीच एक मोठा डोस, देत होतो, किलोमागे १ मायक्रोग्रॅम, दहा मिनिटांत. तिसऱ्या आठवड्यात एका गृहस्थांची नाडी ३८ वर आली. बीपीसाठी ते बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडीही मंदावणारं औषध, घेत होते. फाईलमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं, मीच कमी लेखलं. पंप बंद, नाडी वाढवणारं अॅट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम, मग नाडी साठीवर. त्या मिनिटभरात मॉनिटरचा टुक्… टुक्… आवाज जो ऐकला तो विसरणार नाही. तेव्हापासून लोडिंग सोडलं. मंद नाडीवाले, हार्ट ब्लॉकवाले (हृदयातले विजेचे संकेत अडणारे) आणि बीटा ब्लॉकरवाले यांना हे औषध मी देतच नाही.

फरक पडला का? पडला. नाकाचे पेशंट आता डोळे उघडतात, इकडेतिकडे बघतात, "तोंडाने श्वास घ्या" म्हटलं की घेतात. नळी काढताना खोकला कमी, वेदनाशामकही थोडं कमी लागतं. तक्रार आली ती रिकव्हरीतून, म्हणजे ऑपरेशननंतर पेशंट ठेवतात त्या खोलीतून. "सर, तुमचे पेशंट उठतच नाहीत, बेड अडतो." तक्रार खरी होती. औषध अर्धं उतरायलाच दोनेक तास लागतात. आता शेवटचे टाके पडायच्या पंधरा मिनिटं आधी पंप बंद करतो, तरी गर्दीच्या दिवशी सिस्टरचा चेहरा बघावा लागतो.

आणि एकदा हे औषध साफ हरलं. पोटाचं ऑपरेशन झालेले काका, पंप व्यवस्थित चाललेला, तरी रिकव्हरीत उठून बसायला बघत होते. ऑक्सिजन ठीक, स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल उतरलेला, वेदनाशामक दिलेलं. मी प्रोपोफोल हे झोपेचं औषध भरायला लागलो तेवढ्यात मावशींनी चादर उचलली. स्ट्रेचरवर घेताना लघवीच्या नळीचा चिमटा लावलेला, काढायचा राहिलेला. चिमटा सुटला, पिशवी भराभर भरली आणि काका घोरायला लागले. त्या दिवसापासून हात सिरिंजकडे जायच्या आधी चादरीखाली बघतो.

दुसरी फुकटची गोष्ट आदल्या संध्याकाळची. नाकाच्या प्रत्येक पेशंटला मी खाटेवर बसवून नाक चिमटीत धरायला लावतो आणि दोन मिनिटं तोंडाने श्वास घ्यायला लावतो. "उद्या जाग येईल तेव्हा अस्संच वाटेल, गुदमरणार नाही." लोक हसतात, नातेवाईक मोबाईलवर फोटो काढतात. पण आठ महिन्यांतला किती फरक औषधाचा आणि किती या चिमटीचा, हे मला वेगळं काढता येत नाही, कारण दोन्ही मी एकाच महिन्यात सुरू केलं.

औषधाला गुण पाचपैकी साडेतीन. सरसकट प्रत्येकाला लावावं असं हे औषध नाही, आणि चांगला सिरिंज पंप नसेल तर नकोच. तरुण, दणकट, नाक बंद होणारा पेशंट असेल तर मात्र मी लावतोच. मामा हल्ली सकाळी यादी वाचतात, नाकाचं ऑपरेशन दिसलं की माझ्याकडे बघतात आणि एवढंच विचारतात, "पंप चार्ज आहे ना?"