सिडनी हार्बर: जेवणाची क्रूझ की मॅनलीची फेरीबोट?

सिडनीत तीन-चार दिवस असले की हार्बरसाठी त्यातला एक दिवस जातो, आणि बहुतेकांचं घोडं एकाच प्रश्नावर अडतं. जेवणासकट क्रूझ घ्यावी, की सर्क्युलर कीच्या धक्क्यावरून सरकारी फेरीबोटीने मॅनली या समुद्रकाठच्या उपनगरात जाऊन यावं? जूनमध्ये आई-बाबांना घेऊन सिडनीच्या पश्चिम भागात, नदीकाठच्या पॅरामाटाला बहिणीकडे गेलो होतो, तेव्हा एकाच आठवड्यात आमच्याकडून दोन्ही झालं. आधी क्रूझ, मग फेरीबोट.

क्रूझ वाईट होती असं मी म्हणणार नाही. बाबांना गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. एका जागी बसून सगळं दिसतंय, स्वच्छतागृह जवळ आहे, कुठे उतरायची घाई नाही, यात त्यांना खूप बरं वाटलं. लाउडस्पीकरवरची माहितीही त्यांनी मन लावून ऐकली. पाण्याच्या मधोमध दिसतो तो फोर्ट डेनिसनचा बुरुज, गार्डन आयलंडला लागलेल्या आहेत त्या नौदलाच्या बोटी, हे त्यांना तिथेच कळलं. शाकाहारी आहोत हे आधी कळवलं होतं, त्यामुळे जेवणही व्यवस्थित झालं.

मला खटकलं ते टेबल. तिकिटावर टेबलाचा नंबर असतो आणि आमचं टेबल हॉलच्या मधोमध, खिडकीपासून दोन रांगा आत आलं. बुफेसाठी एकेका टेबलाला बोलावत होते. आमचा नंबर पुकारला तेव्हा बोट नेमकी हार्बर ब्रिजखाली शिरत होती. आईला सिडनीत काय बघायचं होतं, तर हा पूल. १९३२ साली खुला झालेला, ५०३ मीटरची एकच कमान असलेला. ती हातात प्लेट धरून रांगेत उभी, पुढे-मागे उंच माणसं, काचेवर आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब. ताटात भात वाढून घेतला आणि मान वळवून तिने विचारलं, "गेला का पूल?" पूल गेला होता. नंतर आम्ही डेकवर गेलो, पण तोवर बोट पुढे निघालेली. मागे वळून पूल दिसला, पण त्याच्या खालून जाताना मान वर करून बघायचं राहिलं ते राहिलंच. कदाचित आमचं टेबल नशिबाने तसं आलं असेल. खिडकीकडच्या टेबलांना जास्त पैसे पडतात; ते मोजले असते तर मत वेगळं झालं असतं, हेही मान्य.

तीन दिवसांनी फेरीबोट. यात एक गोष्ट आधी माहीत हवी. मॅनलीची बोट (मार्ग एफ १) सर्क्युलर कीवरून पूर्वेला निघते, ब्रिजखालून जातच नाही. त्यावर बहिणीने मार्ग काढला. आम्ही पॅरामाटाहूनच सर्क्युलर कीला येणारी एफ ३ मार्गाची फेरीबोट धरली. खारफुटीतून, अरुंद नदीतून दीड तासाच्या आसपास प्रवास. हळूहळू नदी रुंद होते, कोकाटू आयलंड जातं, बारांगारूचे टॉवर येतात आणि मग बोट सरळ पुलाखाली. आई पुढच्या उघड्या डेकवर कठडा धरून उभी होती. पोलादाचे रिव्हेट मोजता येतील इतका पूल डोक्यावर आला, आणि तो सरतो न सरतो तोच उजवीकडे ऑपेरा हाउस. ती काही बोलली नाही, फक्त माझा दंड घट्ट धरला.

सर्क्युलर कीला बोट बदलली की पुढे मॅनलीपर्यंत अर्धा तास. या मार्गावरच्या हिरव्या-पिवळसर मोठ्या बोटी १९८२ पासूनच्या. सुमारे ७० मीटर लांब, हजाराच्या वर माणसं घेणाऱ्या. नव्या एमरल्ड बोटी लहान आहेत. मोठी मागून येणार असेल तर मी थांबेन, कारण बाहेर बसायला जागा भरपूर. जाताना उजवी बाजू धरा. ऑपेरा हाउस, फोर्ट डेनिसन, आणि हार्बरच्या मुखाशी असलेल्या साउथ हेड या भूशिरावरचं लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं हॉर्न्बी दीपगृह, सगळं त्याच बाजूला. या मुखाशी उघड्या समुद्राची लाट आत येते आणि एवढी मोठी बोटसुद्धा डोलते. गेटवेहून मांडव्याला लाँचने गेलेल्यांना त्यात नवं काही नाही, पण बोट लागत असेल तर खालच्या मजल्यावर मध्यभागी बसलेलं बरं. लाटा फार असतील तर फेऱ्या रद्दही होतात, म्हणून सकाळी बघून निघा.

पैशांची तुलना करायचीच तर, फेरीबोटीला तुमचं कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड चालतं, पण माणशी एक कार्ड लागतं. आम्ही चौघं होतो आणि कार्डं दोन. मग दोन ओपल कार्डं, म्हणजे तिथली पैसे भरून वापरायची प्रवासाची कार्डं, घेतली. दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा असते आणि शुक्रवार ते रविवार ती आणखी कमी. मात्र रविवारी दुपारी मॅनलीच्या बोटीला गर्दी फार, म्हणून मी शुक्रवार निवडेन.

बाबांचं मत विचाराल तर ते अजून क्रूझकडे झुकतात, आणि ज्यांना उभं राहणं जमत नाही त्यांना मीही तेच सांगेन, फक्त खिडकीचं टेबल मिळतंय याची खात्री करून. बाकी कुणी विचारलं तर मी फेरीबोट म्हणतो. मॅनलीला उतरलं की कॉर्सो नावाच्या रस्त्याने पाच-सात मिनिटांत समुद्रकिनारा येतो. बाबांनी तेवढं अंतर एकदा बाकावर टेकून पार केलं. तिथे आम्ही घरून आणलेले मेथीचे ठेपले खाल्ले, कुणाच्या नंबरची वाट न बघता.

परतीला डावी बाजू. जूनमध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा साडेचारच्या आसपासची बोट धरा. ब्रॅडलीज हेडचं टोक वळलं की पुलाची कमान समोर काळी दिसते आणि तिच्यामागे आकाश केशरी. आईने स्वेटरवर शाल गुंडाळली, पण आत जायला तयार नव्हती.