धान्याच्या बदल्यात चिठ्ठी : ‘द हंगर गेम्स’चे बळ आणि उणिवा

सुझॅन कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ ही कादंबरी २००८ साली आली, आणि तिच्याबद्दल बोलणारे बहुतेक जण तिच्यातल्या जीवघेण्या खेळाबद्दलच बोलतात : एका कल्पित देशाच्या बारा जिल्ह्यांतून प्रत्येकी एक मुलगा आणि एक मुलगी अशी २४ मुले रिंगणात सोडायची, शेवटी एकच जिवंत उरायचे आणि साऱ्या देशाने ते पडद्यावर पाहायचे. कादंबरीचे खरे बळ मात्र खेळाच्या आधीच्या पानांत, धान्याच्या हिशेबात आहे, आणि विदर्भातल्या खेड्यात बसून वाचणाऱ्याला ते अधिकच जाणवते.

बारा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलाचे नाव रिंगणात कोण जाणार हे ठरवणाऱ्या सोडतीत दरवर्षी जाते आणि वयाबरोबर चिठ्ठ्यांची संख्या वाढते. घरात खायला नसेल, तर जादा चिठ्ठी टाकून एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरेल एवढे धान्य आणि तेल उचलता येते. पण ती चिठ्ठी वर्ष सरल्यावर रद्द होत नाही, साचत राहते. खाणीतल्या स्फोटात बाप गमावलेली नायिका कॅटनिस आई, धाकटी बहीण आणि स्वतः यांच्यासाठी असे धान्य उचलत आली आहे, त्यामुळे सोळाव्या वर्षी तिच्या नावाच्या २० चिठ्ठ्या आहेत. तिचा मित्र गेल याच्या ४२. मागच्या पेरणीचे कर्ज फिटण्याआधी पुढच्या हंगामाचे कर्ज ज्या घरांनी उचलले आहे, त्यांना ही साचणारी चिठ्ठी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. धान्य उचलावे लागणाऱ्यांनी आणि पोटभर जेवणाऱ्यांनी एकमेकांवर कधीच विश्वास ठेवू नये, हाच या व्यवस्थेचा डाव आहे, असे गेल म्हणतो. किशोरवयीन वाचकासाठी लिहिलेल्या पुस्तकात राजकारणाची इतकी स्वच्छ मांडणी क्वचितच सापडते.

शेतीचा अकरावा जिल्हा तर थोडक्याच संवादांतून उभा राहतो. पिकवलेले स्वतः खाल्ले तर सर्वांदेखत फटके बसतात, आणि सुगीत थोडे जास्त खायला मिळते तेही जास्त वेळ राबता यावे म्हणून, हे तिथून आलेली बारा वर्षांची स्पर्धक रू इतक्या सहजपणे सांगते की वाचताना गलबलून येते.

रिंगणात मात्र लेखिका नायिकेला फार जपते. (इथून पुढे कथानकाचे काही तपशील उघड होतात.) रूवर बाण रोखण्याची वेळ कॅटनिसवर येत नाही, कारण तिला दुसराच मारतो, कॅटनिसला जीवदान देणारा, रूच्याच जिल्ह्यातला थ्रेशही परस्पर मारला जातो. स्वतः जगण्यासाठी एखाद्या निरपराध मुलाचा जीव घ्यावा का, हा प्रश्न सोडतीपासूनच वाचकाच्या मनात असतो, पण जिथे तो टोकाला जायला हवा तिथे कथानक त्याची धार काढून घेते. अनेक स्पर्धकांना तर नावही मिळत नाही. सारे निवेदन कॅटनिसच्या तोंडी आहे, हे त्याचे कारण असेल, पण मुलांच्या मृत्यूचा तमाशा होऊ नये असे सांगणाऱ्या पुस्तकाने मरणाऱ्या मुलांना किमान नावे द्यायला हवी होती, असे मला मनापासून वाटते. राजधानी कॅपिटॉलमधली माणसे रंगवलेले केस आणि भडक कपडे यांच्या पलीकडे फारशी जात नाहीत. सिन्ना हा वेशभूषाकार त्याला अपवाद. कॅटनिसच्याच जिल्ह्यातून रिंगणात आलेला पीटा आणि गेल या दोघांमधली तिची ओढाताण मला कंटाळवाणी वाटली.

इंग्रजी सोपे आणि वाक्ये लहान असल्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी अकरावी-बारावीत शिकणारी, मराठी माध्यमातून आलेली मुलेही हे पुस्तक मूळ भाषेत वाचू शकतील. पुढचे दोन भाग २००९ आणि २०१० साली आले, तरी हा भाग स्वतंत्रपणेही वाचता येतो. लहान मुलांच्या हाती मात्र तो देऊ नये. शेवटच्या रात्रीचे, श्वापदांच्या तावडीत सापडलेल्या मुलाचे वर्णन फार क्रूर आणि लांबलेले आहे.