पहिली हाफ: मुंबईची की साताऱ्याची?

हाफ मॅरेथॉन म्हणजे 21.0975 किलोमीटर, मग ती सी लिंकवर असो की यवतेश्वरच्या घाटात. टायमिंग काढायचं असेल तर मुंबईच, सातारा त्यासाठी नाही. पण 'मुंबई सपाट, म्हणून पहिली हाफ तिथंच' हे गणित तितकं सरळ नाही.

मुंबईची हाफ जानेवारीत, माहीमच्या रेतीबंदरहून पहाटे सुटते. थोड्याच अंतरावर सी लिंक लागतो. एरवी तिथे पायी जायला बंदी, त्यामुळे त्या साडेपाच किलोमीटरचं आकर्षण मोठं. पण हवा दमट असते. घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, तोच असला तरी हृदयाचे ठोके वाढत जातात. ताज्या पायांनी, गर्दीच्या रेट्यात पहिले 5 किमी बहुतेक जण जोरात काढतात आणि त्याची वसुली पेडर रोडवर होते. तो चढ तसा छोटा, पण अर्धं अंतर उलटल्यावर येतो. पुढे मरीन ड्राइव्ह सपाट, लांबलचक, आणि मागचे रनर तिथे पोचेपर्यंत ऊन वर आलेलं.

सव्वादोन तासांत संपवायची तर पेस 6:24, म्हणजे किलोमीटरला 6 मिनिटं 24 सेकंद, लागतो. गर्दीतून वाट काढताना घड्याळात 21.3 किमी भरतात, म्हणून 6:20 धरा. पहिले 3 किमी मात्र 6:35 पेक्षा जोरात पळू नका. पेडर रोडवर पेस बघायचा नाही, श्वास बघायचा.

साताऱ्याची शर्यत पावसाळा सरता सरता होते. पोलीस परेड ग्राउंडवरून निघून शहरातून, बोगद्यातून यवतेश्वर घाट चढायचा आणि त्याच वाटेने परत यायचं. चढाला सगळेच घाबरतात, त्यामुळे तिथे सहसा बिघडत नाही. पावलं आखूड टाकली, नजर 10-15 मीटर पुढे ठेवली, लागलं तर मिनिटभर झपझप चाललं, की तो पार होतो. खरा घात उतारावर होतो. प्रत्येक पावलाला मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात. त्या ताणाची सवय नसेल तर शेवटच्या 4-5 किमीत मांड्या दगड होतात आणि पुढचे दोन-तीन दिवस जिना उतरता येत नाही. शिवाय बोटं बुटाच्या टोकावर आपटून नखं काळी पडतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, आणि लेस सर्वांत वरच्या भोकातून घेऊन घोटा पक्का बांधायला हवा. भिजलेल्या रस्त्यावर झिजलेल्या सोलचे बूट नकोतच.

म्हणून निवड तयारीवर ठरवावी. साताऱ्याचा सराव जून ते ऑगस्टमध्ये येतो: ओले मोजे, फोड, चुकलेले रविवार. पुण्याजवळ बोपदेव घाट, ठाण्यात येऊर, असा चढ आठवड्यातून एकदा मिळत असेल तरच नाव नोंदवा. चढावर 400 मीटरच्या चार फेऱ्यांपासून सुरुवात करा आणि उतारही पळतच या. बरेच जण तो चालत येतात आणि नेमका तोच सराव राहून जातो. मुंबईसाठी ऑक्टोबरचा उकाडा सोसावा लागतो, पण डिसेंबरात 16-18 किमीचे लाँग रन निवांत होतात. चढ जवळपास नाही? मग मुंबई.

बिब (छातीवर लावायचा नंबर) शर्यतीच्या सकाळी मिळेल या भरवशावर कुठेही जाऊ नका, शनिवारपर्यंत हातात हवा. साताऱ्यात त्या दिवसांत कासला जाणाऱ्यांचीही गर्दी असते, खोली आधीच धरा. मुंबईत सुरुवात माहीमला आणि शेवट दक्षिण मुंबईत, त्यामुळे गाडी घरीच बरी.

दोन्ही करायच्या असतील तर मधले साधारण चार महिने छान जुळतात. घाटात कमावलेली ताकद पेडर रोडवर कामी येते. फक्त साताऱ्यानंतर 10 दिवस वेगाचा सराव नको. मांड्या दुखायच्या थांबल्या तरी आतून भरून यायच्या असतात.